नैराश्य म्हणजे सेरोटोनिनची कमतरता नव्हे, तर मग गोळी कशासाठी?

मेंदूतले सेरोटोनिन, म्हणजे चेतापेशींमध्ये निरोप पोहोचवणारे एक रसायन, कमी झाले आहे असे सांगून डॉक्टरांनी तुम्हाला गोळी सुरू केली, आठ महिन्यांनी हा सिद्धांतच खोटा ठरल्याची बातमी तुमच्या वाचनात आली, आणि आता गोळी बंद करावी का, तसेच या नव्या संशोधनाचा रोजच्या जगण्यात काही उपयोग आहे का, असे तुम्ही विचारले आहे. पहिल्या भागाचे उत्तर आधी देतो: स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका. मी मानसोपचारतज्ज्ञ नाही. वैद्यकीय महाविद्यालयात औषधशास्त्र शिकवत होतो, आणि तुमच्या डॉक्टरांनी जे सांगितले तेच मी अनेक वर्षे फळ्यावर काढून दाखवले आहे. दोन चेतापेशी, त्यांच्यामधली फट, फटीत सेरोटोनिनचे मोजकेच ठिपके असले की नैराश्य आणि भरपूर ठिपके असले की बरा झालेला रुग्ण. चित्र इतके सोपे होते की परीक्षेत ते सहसा कोणाचे चुकत नसे, आणि मला वाटते तिथेच आम्हाला शंका यायला हवी होती.

या चित्राचा एक धागा मुंबईतून जातो. येथील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये सर्पगंधेने वाढलेला रक्तदाब उतरतो हे मांडले आणि आपली ही जुनी मुळी जगभरच्या डॉक्टरांना माहीत झाली. पुढे तिच्यातून रेसरपिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले. ते घेणारे काही रुग्ण खिन्न होतात अशा नोंदी येऊ लागल्या आणि रेसरपिन मेंदूतील सेरोटोनिन व त्याच्यासारखेच निरोप नेणारे नॉरअॅड्रिनलिन यांचा साठा रिता करते हे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले. याच्या नेमके उलट न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरील सी व्ह्यू रुग्णालयात १९५२ मध्ये घडले. तिथे क्षयरोग्यांना दिलेल्या इप्रोनियाझिडने खाटेवर खिळलेली माणसे उल्हसित झाली, आणि हे औषध त्याच द्रव्यांचे विघटन रोखते हे लक्षात आले. दोन्ही टोके जुळल्यासारखी वाटली. नैराश्यामागे अशा द्रव्याची कमतरता असावी असे मांडताना १९६५ मध्ये मानसोपचारतज्ज्ञ जोसेफ शिल्डक्राउट यांनी नॉरअॅड्रिनलिनकडे बोट दाखवले, १९६७ मध्ये अॅलेक कॉपेन यांनी सेरोटोनिनकडे. १९८७ च्या अखेरीस अमेरिकेत फ्लुओक्सेटिन या सेरोटोनिन वाढवणाऱ्या गोळीला मान्यता मिळाली, आणि त्यानंतर जे गृहीतक होते ते जाहिरातींतून वस्तुस्थिती म्हणून घरोघरी पोहोचले.

त्यातला तर्क मुळात कच्चा होता. आल्याच्या चहाने घसा मोकळा झाला म्हणून घशात आल्याची कमतरता होती असे आपण म्हणत नाही. औषधाने सेरोटोनिन वाढते आणि रुग्णाला बरे वाटते, एवढ्यावरून आजार सेरोटोनिन घटल्याने झाला होता हे सिद्ध होत नाही. तुम्ही वाचलेली बातमी बहुधा जुलै २०२२ मधील आढाव्याची असावी. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील जोआना मॉनक्रिफ आणि सहकाऱ्यांनी रक्तातील व पाठीच्या कण्यातील द्रवामधील मोजमापे, सेरोटोनिनचे ग्राहक (पेशीवरील ज्या जागी ते चिकटते त्या), त्याचे वहन करणारी प्रथिने, संबंधित जनुके अशा सर्व बाजूंचे आधीचे आढावे एकत्र तपासले. नैराश्य आणि कमी सेरोटोनिन यांचा सातत्यपूर्ण संबंध कुठेच दिसत नाही, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. त्यावर मतभेद झाले, पण 'कमतरता' ही सोपी कथा टिकत नाही, हे मला मान्य करावे लागते.

मात्र गोळीचा उपयोग होतो की नाही, हा त्या आढाव्याचा विषयच नव्हता. त्यासाठी २०१८ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेले विश्लेषण पाहावे लागते. त्यात २१ औषधांच्या ५२२ चाचण्या आणि १,१६,४७७ रुग्ण होते, आणि प्रत्येक औषध औषधी द्रव्य नसलेल्या दिखाऊ गोळीपेक्षा सरस ठरले. सरासरी फरक माफक होता, हेही सांगितले पाहिजे. काहींना पुष्कळ फायदा होतो, काहींना काहीच नाही, आणि कोणाला होईल हे आधी सांगणारी रक्ताची किंवा मेंदूच्या स्कॅनची चाचणी आज रोजच्या वापरात नाही. रंगीत स्कॅन दाखवून नैराश्याचे निदान करून देणारे कोणी भेटले, तर पैसे खिशातच ठेवा.

मग गोळी नेमके काय करते? आम्हाला छळणारे एक कोडे होते. फटीतले सेरोटोनिन गोळी घेतल्यावर काही तासांतच वाढते, पण मन हलके व्हायला दोन ते सहा आठवडे लागतात. कमतरता हेच कारण असते, तर एवढा उशीर का व्हावा? अमेरिकेतील येल विद्यापीठात रोनाल्ड ड्यूमन आणि इतरांनी या मधल्या काळावर लक्ष दिले. दीर्घकाळ ताणाखाली ठेवलेल्या प्राण्यांमध्ये हिप्पोकॅम्पस हा स्मृतीशी संबंधित भाग आणि मेंदूच्या पुढच्या भागातील चेतापेशींच्या फांद्या आखडतात, त्यांचे जोड विरळ होतात, आणि नैराश्यावरील औषधांनी ही झीज काही प्रमाणात भरून येते. २०२१ मध्ये हेलसिंकीच्या एरो कास्त्रेन यांच्या गटाने सेल या नियतकालिकात दाखवले की ही औषधे चेतापेशींची वाढ घडवणाऱ्या एका ग्राहकाला थेट जाऊन चिकटतात. अमेरिकेत मार्च २०१९ मध्ये मान्यता मिळालेले एस्केटामिन हे नैराश्यावरील औषध तर प्रामुख्याने ग्लुटामेट या वेगळ्याच द्रव्याच्या वाटेने काम करते, आणि त्याचा परिणाम काही तासांतही दिसू शकतो. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे तर गोळीने जमिनीला वाफसा येतो. पेरणी त्यानंतर करावी लागते. अर्थात हे चित्रही पुरे झालेले नाही, आणि पहिल्या चित्राइतक्या आत्मविश्वासाने मी ते फळ्यावर काढणार नाही.

पेरणी कशाची, या प्रश्नापाशी तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग येतो. सध्या समाजमाध्यमांवर डोपामिन या मेंदूतल्या दुसऱ्या निरोप्या द्रव्याला 'आनंदाचे रसायन' म्हणतात आणि त्याचा उपास करायला, म्हणजे चटकन सुख देणाऱ्या गोष्टी काही काळ टाळायला सांगतात. ही सेरोटोनिनच्याच कथेची धाकटी बहीण आहे. मिशिगन विद्यापीठातील केंट बेरिज यांच्या प्रयोगांत उंदरांच्या मेंदूतील डोपामिन जवळजवळ संपवले, तेव्हा ते आपण होऊन अन्नाकडे जाईनात, पण गोड पाणी जिभेवर सोडले की पूर्वीसारखेच चवीने ओठ चाटत. याचा अर्थ हवेसे वाटणे आणि आवडणे ही मेंदूची दोन वेगळी कामे आहेत. यावरून नैराश्य म्हणजे डोपामिनची कमतरता असे ठरवू नका, नाहीतर आम्ही केलेली चूक तुम्ही पुन्हा कराल. पण 'जावेसेच वाटत नाही' यावरून 'गेल्यावर बरे वाटणार नाही' असा निष्कर्ष निघत नाही, एवढे त्यातून घेण्यासारखे आहे, आणि नैराश्यातून गेलेल्या अनेकांचा अनुभव त्याच्याशी जुळतो.

या तत्त्वाशी जुळणाऱ्या उपचाराची परीक्षा गोव्यात झाली आहे. संगाथ या संस्थेने तेथील १० प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये तीव्र नैराश्याच्या सुमारे ५०० रुग्णांवर चाचणी घेतली. समुपदेशक डॉक्टर नव्हते, मानसिक आरोग्याचे व्यावसायिक शिक्षण घेतलेलेही नव्हते. प्रशिक्षण दिलेली स्थानिक माणसे होती. सहा ते आठ भेटींत ते रुग्णाबरोबर बसून सुटलेली कामे, तुटलेल्या गाठीभेटी, पूर्वी ज्यात जीव रमत असे त्या गोष्टी यांतून अगदी लहान कृती निवडत, त्यांची वेळ ठरवत आणि पुढच्या भेटीत काय झाले ते विचारत. मन लागण्याची वाट न पाहता आधी कृती करायची, असा क्रम होता. २०१७ मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी या गटातील ६४ टक्के रुग्णांची लक्षणे ओसरली होती, तर केवळ नेहमीच्या सेवेची सुधारित आवृत्ती मिळालेल्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होते. मेंदूविज्ञानाच्या पुष्कळ चमकदार शोधांपेक्षा मला हा साधा प्रयोग मोलाचा वाटतो.

व्यायामाबद्दल थोडक्यात सांगतो. २०२४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमधील २१८ अभ्यासांच्या विश्लेषणात चालणे किंवा हळू धावणे, योग आणि वजने उचलण्याचा व्यायाम यांचा नैराश्यावर चांगला परिणाम दिसला, मात्र त्यांतील बऱ्याच अभ्यासांचा दर्जा कमी होता. झोपेचे महत्त्व तुम्हाला कोणीही सांगेल. उठण्याची वेळ रोज तीच ठेवणे हे लवकर झोपण्याच्या निश्चयापेक्षा जमण्यासारखे असते, एवढीच भर मी घालतो.

आता पुन्हा गोळीकडे. ती एकदम थांबवली तर काहींना चक्कर, चिडचिड, झोपमोड, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखी संवेदना असे त्रास होतात, आणि आजारच उलटला असा समज होतो. खरोखर आजार उलटण्याचा धोकाही असतो. दीर्घकाळ गोळ्या घेणाऱ्या आणि बरे वाटत असलेल्या इंग्लंडमधील रुग्णांवरची एक चाचणी २०२१ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आली. वर्षभरात गोळी चालू ठेवलेल्यांपैकी ३९ टक्क्यांचा, तर क्रमाने बंद केलेल्यांपैकी ५६ टक्क्यांचा आजार परतला. म्हणजे बंद करूनही अनेक जण ठीक राहिले. तुम्ही त्यांपैकी आहात का, हे इथे मला ठरवता येणार नाही.

म्हणून पुढच्या भेटीत डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: मला किती काळ बरे वाटत असावे म्हणजे गोळी कमी करण्याचा विचार करता येईल, डोस किती आठवड्यांत आणि कोणत्या टप्प्यांनी उतरवायचा, आणि मधे त्रास झाला तर तो गोळी सोडल्याचा की आजाराचा हे कसे ओळखायचे. त्याआधी मन फारच खचले किंवा जीव द्यावासा वाटला, तर भेटीच्या तारखेची वाट न पाहता केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. तो दिवसरात्र चालू असतो आणि मराठीतही बोलता येते.