रिपोर्ट नॉर्मल आहेत, मग?

प्रिय,

तुझं पत्र मिळालं. 'आरोग्य म्हणजे काय' हा धडा तुला फार कंटाळवाणा वाटला, हे वाचून हसू आलं. मलाही वाटला होता. शरीररचनेत निदान हाडं तरी असतात, इथे नुसत्या व्याख्या! मी पाठ केल्या, पेपरात उतरवल्या आणि विसरून गेले. पुढे ते महागात पडलं.

ओपीडीत पोस्टिंग होतं. थकवा, धडधड, झोप नाही अशी तक्रार घेऊन एक बाई तिसऱ्यांदा आल्या होत्या. रक्त, ईसीजी, थायरॉइड, सगळं ठीक. रिपोर्ट माझ्या हातात आले आणि मी उत्साहात सांगून टाकलं, "सगळं नॉर्मल आहे, तुम्हाला काहीही झालेलं नाही." मला वाटलं, आनंदाची बातमी दिली. त्यांनी कागदाची घडी घातली, उघडली, पुन्हा तशीच घातली. "मग मला होतंय ते काय?" माझी बोलती बंद. त्या उठून गेल्या, त्या पुन्हा काही आल्या नाहीत.

पुस्तकात डिसीज, इलनेस आणि सिकनेस असे तीन शब्द आहेत. आपण तिन्हींना सरसकट 'आजार' म्हणून मोकळे होतो. मी माझ्यापुरती वाटणी करून ठेवली आहे. तपासणीत सापडतो तो रोग. माणूस भोगतो ते दुखणं. आणि भोवतालच्यांनी 'हा आजारी आहे' असं मान्य केलं, की सुरू होतं ते आजारपण. त्यात सुट्टी मिळते, कामं दुसरं कुणी उचलतं, मात्र लवकर बरं होण्याची अपेक्षाही असते. टॅल्कट पार्सन्स या समाजशास्त्रज्ञाने १९५१ मध्ये 'सिक रोल' म्हणून मांडलं ते हेच.

तिन्ही एकाच माणसात एकाच वेळी असतीलच असं नाही. त्या बाईंना दुखणं होतं, रोग सापडत नव्हता, म्हणून आजारपणही कुणी देत नव्हतं. न देणाऱ्यांत मीही आले. उलट, १७०/१०० रक्तदाब असलेला माणूस 'मला काहीच होत नाही' म्हणत बाही खाली करून निघून जातो. त्याला रोग आहे, दुखणं नाही. गोळी रोज का घ्यायची, हे त्याला पटवणं अवघड जातं ते यामुळेच. आणि 'अंगावर काढणं' हा आपला शब्दप्रयोग बघ. रोग आहे, दुखणंही आहे, पण आजारी पडायची सोय नाही! असा माणूस उशिरा का आला म्हणून त्याच्यावर डाफरू नकोस.

रोगाची रेषा तरी दगडावरची आहे का? उपाशीपोटी साखर १२६ किंवा त्याहून जास्त, आणि पुन्हा तपासल्यावरही तशीच, तर मधुमेह. पण १९९७ पर्यंत अमेरिकेच्या मधुमेह संघटनेची हीच रेषा १४० वर होती. साखर १३० असलेली माणसं रेषा सरकल्यावर एका दमात मधुमेही ठरली. त्यांच्या शरीरात त्या दिवशी काहीही बदललं नव्हतं. रेषा खाली आणायला कारण होतं, कमी साखरेवरही डोळ्यांच्या पडद्याला इजा होताना दिसत होती. तेव्हा आकडा मानायचाच, पण १२५ आणि १२६ यांच्यात भिंत आहे असं समजायचं नाही.

आता वेलनेस. जॉन ट्रॅव्हिस या अमेरिकन डॉक्टरांनी १९७२ मध्ये एक आडवी रेघ काढली. डाव्या टोकाला अकाली मृत्यू, उजवीकडे उत्तम स्वास्थ्य, मध्ये 'ना आजारी ना निरोगी' असा बिंदू. उपचार माणसाला बहुधा मध्यापर्यंत आणून सोडतात. मला त्यातली एकच गोष्ट मोलाची वाटते: माणूस रेघेवर कुठे उभा आहे यापेक्षा त्याचं तोंड कुठल्या बाजूला आहे ते बघायचं. कॅन्सरचा रुग्ण उजवीकडे तोंड करून असू शकतो, आणि धडधाकट माणूस रोज थोडा थोडा डावीकडे सरकत असतो. (गंमत म्हणजे 'स्वस्थ' आणि 'स्वस्थ बस' यांत आपण एकच शब्द वापरतो. स्वस्थ राहायला स्वस्थ बसून चालत नाही.)

प्रतिबंधाच्या, म्हणजे रोग टाळण्याच्या, पातळ्या तू पाठ करशीलच, त्यावर शाई घालवत नाही. रोगाचा नैसर्गिक प्रवास, म्हणजे उपचार नसताना रोग सुरुवातीपासून शेवटपर्यंत कसा जातो ते, मात्र नीट वाच. गोवरात पुरळ उठण्याच्या सुमारे चार दिवस आधीपासूनच मूल दुसऱ्याला लागण देऊ शकतं. म्हणजे पुरळ बघून वेगळं ठेवलं, तोवर उशीर झालेला असतो. लस आधी का द्यायची, याला दुसरं स्पष्टीकरण लागत नाही.

पुढच्या आठवड्यात तुझं वॉर्ड पोस्टिंग आहे ना? केस पेपर भरताना निदानाच्या रकान्यावर थांबू नकोस. "यामुळे तुमचं काय काय अडलंय?" एवढं विचार आणि पेन खाली ठेव.

तुझी,
मॅडम

ता. क. परीक्षेत व्याख्या विचारली, तर जागतिक आरोग्य संघटनेची १९४६ सालचीच लिही: 'संपूर्ण शारीरिक, मानसिक आणि सामाजिक सुस्थिती, केवळ रोगाचा किंवा दुर्बलतेचा अभाव नव्हे'. त्यातल्या 'संपूर्ण' शब्दावर माझं भांडण आहे, त्या मापाने आपण सगळेच रुग्ण ठरतो. २०११ मध्ये माख्टेल्ड ह्यूबर या डच संशोधिकेने आणि सहकाऱ्यांनी आरोग्य म्हणजे जुळवून घेण्याची आणि स्वतःला सांभाळण्याची क्षमता, असं सुचवलं. मला ते जास्त पटतं. पण ते दुसऱ्या परिच्छेदात लिही. मार्क पहिल्याला आहेत.