निदान आधी, हात नंतर

प्रिय मित्रा,

पशुवैद्यकाची लांबलचक पदवी टाळून थेट प्राण्यांच्या कायरोप्रॅक्टिककडे, म्हणजे मणक्यांवर आणि सांध्यांवर हाताने करायच्या उपचाराकडे, वळता येईल का, या प्रश्नाने तुझी झोप उडाली आहे, हे पत्रावरून कळले. प्राण्यांवरचे तुझे प्रेम मी गृहीत धरतो, म्हणून त्यावर शब्द खर्च करत नाही.

मुळात हे शिक्षण पदवीनंतरचे आहे. अमेरिकेत १९८९ साली स्थापन झालेल्या अमेरिकन व्हेटरिनरी कायरोप्रॅक्टिक असोसिएशनच्या मान्यतेचे अभ्यासक्रम पशुवैद्यांसाठी आणि माणसांवर उपचार करणाऱ्या कायरोप्रॅक्टरांसाठी असतात. सांध्याला लहान, वेगवान झटका देण्याचे तंत्र त्यांत दोनशेहून अधिक तासांत शिकवतात. ते हाताला बसते. निदान मात्र इतक्या लवकर बसत नाही, आणि निदान आधी, हात नंतर.

मागचे पाय ओढत चालणारा डॅक्सहुंड जातीचा कुत्रा समोर आला, तर तू काय करशील? त्याच्या पायाचे बोट चिमट्याने दाबल्यावर त्याने पाय मागे घेतला, म्हणून संवेदना शाबूत आहे असे समजू नकोस. ती केवळ प्रतिक्षिप्त क्रिया असू शकते. त्याने मान वळवून पाहिले, कण्हला, चावायला धावला, तरच वेदना मेंदूपर्यंत पोहोचली असे म्हणता येते. ती पोहोचत नसेल, तर त्याला तातडीने शस्त्रक्रियेकडे न्यायला हवे, आणि तिथे तुझ्या कुशल हातांचा काहीही उपयोग नाही. पाठ दुखणाऱ्या घोड्याच्या मणक्यांची टोके एकमेकांवर घासत आहेत की खोगीरच चुकीचे बसले आहे, हेही बोटांना एकट्याने कळत नाही. निदान आधी!

तपासणीचे कागद नसतील तर मी आजही जनावर परत पाठवतो. मालक चिडतात, दुसरीकडे जातात, सहकारी मला हट्टी म्हणतात. म्हणोत. या उपचाराच्या बाजूचा शास्त्रीय पुरावा अजून तुटपुंजा आहे, तेव्हा आपण तरी अधिक काटेकोर राहायला नको का? खंत एकच: मज्जासंस्थेचा अभ्यास मी ऐन उमेदीत केला नाही, उशिरा केला. तुझ्या हाती ती वर्षे आहेत, आणि तू नेमकी तीच वाचवायला निघाला आहेस, याचा मला राग येतो.

पदवीला प्रवेश घे. तोवर एखाद्या पशुवैद्याच्या परवानगीने त्याच्या तपासणी-टेबलाशेजारी उभा राहा. पुढच्या पत्रात संस्थांची नावे विचारू नकोस. लंगडणाऱ्या एखाद्या कुत्र्याची तपासणी कशी झाली, ते क्रमवार लिहून पाठव.

तुझा,
एक ज्येष्ठ सहव्यवसायी