‘प्रोसेसमध्ये आहे’ म्हणजे अजून नाही

ताई, मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातली, वय २२. यंदा म्हापशाच्या कॉलेजातून सायकॉलॉजी घेऊन बी.ए. झाले. शेजारच्या राज्यातल्या एका खासगी विद्यापीठात एम.ए. क्लिनिकल सायकॉलॉजीला माझं नाव लागलंय. फी वर्षाला दोन लाखांच्या वर. बाबा मुदत ठेव मोडायला तयार आहेत. सोमवारपर्यंत ५० हजार भरले नाहीत तर सीट जाईल म्हणतात. विद्यापीठाला नॅकचा ‘ए’ दर्जा आहे, पण एका सीनियरने विचारलं, आरसीआय, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची मंजुरी, आहे का? फोन केला तर ‘प्रोसेसमध्ये आहे’ म्हणाले. काका म्हणतात, एवढा खर्च कशाला, ऑनलाइन कर. आजी आजारी असताना बांबोळीच्या हॉस्पिटलात एक मॅडम तिच्यासमोर ठोकळे मांडून बसायच्या, तिला बोलतं करायच्या. मला तेच काम करायचंय. काय करू?

बाय, माहितीपत्रकाचा फोटो सोबत जोडलास ते फार बरं केलंस. मोबाइलवर मोठा करून वाचला. पहिल्या पानावर ठळक ‘आरसीआय’ आणि त्याच्या डोक्यावर एक बारीक फुली. त्या फुलीचा खुलासा शेवटच्या पानावर, पत्त्याच्याही खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत: ‘मान्यतेची प्रक्रिया सुरू’. सोमवारी पैसे भरू नकोस.

आपल्याकडे ‘मान्यताप्राप्त’ म्हटलं की एकच शिक्का डोळ्यांसमोर येतो. इथे तीन वेगळे आहेत. विद्यापीठाने दिलेली पदवी खरी की नाही, ते यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, मान्यतेवरून कळतं. नॅक, म्हणजे विद्यापीठं-कॉलेजांची गुणवत्ता तपासणारी संस्था, दर्जा देते तो अख्ख्या संस्थेला. आणि आरसीआय, जिला १९९२ च्या कायद्याने अधिकार मिळाले, ती ठरावीक संस्थेतल्या ठरावीक अभ्यासक्रमाला मंजुरी देते, तीही ठरावीक मुदतीसाठी. म्हणून तू आरसीआयचं विचारल्यावर कुणी नॅकचा ‘ए’ पुढे केला तर ते उत्तर झालं नाही. आणि मंजुरी येण्याआधी घेतलेल्या प्रवेशावर पुढे आरसीआयकडे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून नोंदणी मिळेल, असा भरवसा धरता येत नाही.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट कुणाला म्हणायचं हे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातच लिहिलंय. आरसीआयने मंजूर केलेल्या ठिकाणचं शिक्षण लागतं. प्रमाणपत्रावर ‘क्लिनिकल’ छापलेलं असणं पुरेसं नाही. नोंदणी नसताना हे काम केलं तर १९९२ च्या कायद्यात एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे.

आता दुसरी बाजू, कारण मला तुला उगाच घाबरवायचं नाही. आरसीआय नसलेलं एम.ए. म्हणजे फसवणूक नव्हे. आजवरची वाट अशीच होती: आधी सायकॉलॉजीत साधं एम.ए., मग आरसीआय-मंजूर ठिकाणी दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल., वॉर्डात, वरिष्ठांच्या देखरेखीखाली. पण मग साध्या एम.ए.नेही जिथे पोचता येतं, तिथे जायला बाबांची ठेव का मोडायची? शिवाय एम.फिल.ला यूजीसीने २०२५-२६ च्या सत्रापर्यंतच मुदत दिली होती आणि त्याच्या जागी नवी रचना येते आहे. त्यामुळे सीनियरने दोन वर्षांपूर्वी काय केलं त्यावर जाऊ नकोस. आरसीआयच्या संकेतस्थळावरची आजची यादी उघड. त्यात विद्यापीठाचं नाव, नेमका हाच अभ्यासक्रम आणि मंजुरीची मुदत, तिन्ही सापडायला हवीत.

तुला शाळेत समुपदेशन करायचं असतं किंवा संशोधनाकडे वळायचं असतं, तर मी आरसीआयवर एवढी अडून बसले नसते. पण तू आजीसमोरचे ठोकळे लिहिलेस. ती चाचणी घेणं, तिचा अर्थ लावणं, अहवालावर सही करणं, हे सगळं नोंदणीवर अडतं.

काकांचा हेतू चांगला आहे, पण तो रस्ता आता बंद झालाय. जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून यूजीसीने सायकॉलॉजीचे ऑनलाइन आणि दूरशिक्षणाचे प्रवेश थांबवायला सांगितले आहेत. कुणी अजूनही देत असेल तर त्याच्या वाऱ्यालाही उभी राहू नकोस.

विद्यापीठाला आजच ईमेल कर, फोन नको. तुझ्या बॅचला लागू असलेलं आरसीआयचं मंजुरीपत्र मागव. जागा किती मंजूर आहेत आणि प्रत्यक्ष रुग्णांबरोबरचं काम कोणत्या हॉस्पिटलात, कुणाच्या देखरेखीखाली, तेही विचार. खरंच पत्र असेल तर पाठवायला त्यांना दहा मिनिटं पुरतील. ‘लवकरच कळवतो’ असं आलं तर सीट जाऊ दे.

वर्ष वाया जाईल ही तुझी धास्ती मला कळते. बी.ए.च्या मैत्रिणी बॅगा भरत असताना घरी बसणं सोपं नसतं, त्यात गावात येता-जाता लोक विचारणार. पण सरकारी विद्यापीठांतले साध्या एम.ए.चे प्रवेश कुठे चालू आहेत ते याच आठवड्यात बघ. बाबांशी बोलताना ते पत्रक समोर ठेव आणि ती तळाची ओळ त्यांनाच वाचू दे. ठेव मोडायला निघालेल्या माणसाला ‘नको’ म्हणताना तुझा जीव वरखाली होणार, पण पत्रक त्यांच्या हातात असलं की तुला फार बोलावं लागणार नाही.

आणि एक दिवस सकाळच्या बसने पणजीला ये आणि तिथून बांबोळी गाठ. मानसोपचार आणि मानवी वर्तन संस्थेत हे काम रोज करणारी माणसं आहेत. त्यांनी कुठून शिक्षण घेतलं, आज तुझ्या जागी असते तर कुठे अर्ज केला असता, ते विचार. त्या ठोकळ्यांच्या मॅडम भेटल्या तर आजीची ओळख दे. त्या काय म्हणाल्या ते मला जरूर कळव.