फोन ‘मरतो’ का? ‘डाय’ या क्रियापदाविषयी

प्रश्न असा आहे: ‘आय वॉज डाइंग टु सी यू, बट माय फोन डाइड’ हे वाक्य एका मालिकेच्या मराठी उपशीर्षकांत ‘मी तुला भेटायला मरत होते, पण माझा फोन मेला’ असं दिसलं. हे मराठी म्हणायचं का? आणि ‘डाय’चे मरण्यापलीकडे अर्थ तरी किती?

मराठी नाही म्हणायचं. आपल्याकडची मुलगी म्हणेल, ‘तुला कधी एकदा भेटते असं झालं होतं, पण नेमका फोन बंद पडला.’ शब्दकोशात या ‘डाइंग’चा अर्थ ‘अतिशय उत्सुक’ असा सापडतो. अर्थ बरोबरच आहे, पण तो तसाच उचलून वाक्यात घातला की जीव गेला वाक्याचा. चहासाठी कुणी ‘डाइंग’ असेल तर त्याला चहाची तल्लफ आलेली असते. शरमेने ‘डाय’ होण्याची वेळ आली तर मराठीत ‘मेल्याहून मेल्यासारखं’ होतं, आणि हे इंग्रजीपेक्षा कितीतरी जास्त बोचतं. इथे मरण आपल्याच भाषेने दिलं आहे, ते जरूर वापरावं.

खरी गंमत निर्जीव गोष्टींची आहे. माझ्या भाचीच्या वहीत ‘द विंड डाइड डाउन’चं भाषांतर ‘वारा खाली मेला’ असं होतं. तिला विचारलं, ‘गच्चीवरचे कपडे हलायचे थांबले की आजी काय म्हणते?’ ती लगेच म्हणाली, ‘वारा पडला.’ शब्द तिच्याकडे होताच, पण ‘डाय’ पाहिल्यावर ‘मरणे’ आधी धावून आलं. इंग्रजीत जे जे थांबतं, ओसरतं, ते ते ‘डाय’ होऊ शकतं. मराठीत त्या प्रत्येकाचं थांबणं वेगळं. इंजिन बंद पडतं, बॅटरी उतरते, आवाज विरतो, वाद निवळतो, आग विझते, प्रथा बंद पडते, प्राण्यांची जात नामशेष होते. ‘डाउन’, ‘अवे’, ‘आउट’ ही शेपटं इंग्रजीला लागतात, कारण क्रियापद एकच आहे. आपल्याकडे ते काम क्रियापदच करतं.

मग मराठीत निर्जीव काही मरतच नाही का? मरतं. भूक मरते, इच्छा मरते, पटावरची सोंगटी मरते. उतरलेल्या बॅटरीबद्दल ‘तिच्यात जीवच उरला नाही’ असंही आपण म्हणतो, पण ‘बॅटरी मेली’ म्हणताना अडखळतो. मला वाटतं, जिची आतून ओढ जाणवते किंवा जी डावात ‘जिवंत’ असते, तिलाच आपण मरू देतो.

माणसाच्या मृत्यूबाबत तर फरक आणखी ठळक आहे. इंग्रजीत राजाही ‘डाय’ होतो आणि मुंगीही. मराठीत आजोबा वारतात किंवा जातात, रुग्ण दगावतो, अपघातात प्रवासी ठार होतो, सैनिक धारातीर्थी पडतो, आणि मुंगी मरते. भाषांतर करताना आधी कोण गेलं ते पाहावं लागतं, क्रियापद त्यानंतर.

‘डाय ऑफ’ आणि ‘डाय फ्रॉम’ यांबद्दल थोडक्यात: आजार, भूक, म्हातारपण यांच्या आधी सहसा ‘ऑफ’ येतं, जखमांच्या आधी बरेचदा ‘फ्रॉम’. दोन्हींची सरमिसळही चालते. मराठीत दोन्हीकडे ‘ने’ (अनेकवचनात ‘नी’) पुरतो: तापाने, जखमांनी.

‘डाय हार्ड’ या शब्दांमागे रणांगण आहे. १८११ साली स्पेनमध्ये अल्ब्युएराच्या लढाईत ब्रिटिशांच्या ५७ व्या पलटणीचा जखमी अधिकारी इंग्लिस याने आपल्या सैनिकांना ‘डाय हार्ड’ असं ओरडून सांगितल्याचं म्हणतात. सहजासहजी मरू नका, किंमत वसूल करून मरा, असा त्याचा भाव. पलटणीला ‘डाय-हार्ड्स’ हेच नाव पडलं. आजचा ‘डाय-हार्ड फॅन’ म्हणजे कट्टर चाहता. ‘ओल्ड हॅबिट्स डाय हार्ड’साठी मात्र आपल्याकडे तयार म्हण आहे: जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही.

‘डू ऑर डाय’मध्ये मरण शब्दशः आहे. ८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत गवालिया टँकवर गांधीजींनी तो मंत्र दिला तेव्हा ‘करेंगे या मरेंगे’ यात एक अक्षरही अलंकारिक नव्हतं. तिथे ‘मरणे’ला पर्याय शोधू नये. आणि ‘द डाय इज कास्ट’मधला ‘डाय’ हे नाम आहे, फाशाचं एकवचन. फासे पडले, एवढंच. मरणाशी त्याचा संबंध नाही.

एक जुनी गोष्टही सांगावीशी वाटते. जुन्या इंग्रजीत मरण्यासाठी वेगळी क्रियापदं होती. त्यांतल्या एकाचंच आजचं रूप ‘स्टार्व्ह’. म्हणजे मरण्याचा शब्द उपासमारीपुरता उरला. आपणही दुपारी दोन वाजता ‘भुकेने मेलो’ म्हणतोच.

उलट दिशेने जाऊन पाहा. दूध उतू गेलं की माझी आत्या म्हणायची, ‘मेलं लक्षच नव्हतं!’ आणि उशिरा आलेल्या मुलाला, ‘मेल्या, होतास कुठे?’ पहिल्यात स्वतःवरचा वैताग, दुसऱ्यात काळजी. ही दोन वाक्यं इंग्रजीत न्यायची झाली तर ‘डाय’ कुठेच कामाला येत नाही.