हेतू नसताना टॅकलसाठी थेट लाल कार्ड का?

2011 च्या रग्बी विश्वचषकात ऑकलंडच्या ईडन पार्कवरील उपांत्य सामन्यात वेल्सचा कर्णधार सॅम वॉरबर्टन याने फ्रान्सच्या व्हँसाँ क्लेरला टॅकल करताना, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्याला धरून पाडताना, उचलले, पण आपटले नाही, मध्येच सोडून दिले. मग पंच अ‍ॅलेन रोलांड यांनी थेट लाल कार्ड का दाखवले, असे आपण विचारले आहे. सोडून दिले म्हणूनच दाखवले. ज्याने उचलले त्यानेच समोरच्याला सुखरूप खाली आणायचे असते. उचललेल्या खेळाडूला त्याच्या सुरक्षिततेचा विचार न करता वरून सोडल्यास लाल कार्ड द्यावे आणि निर्णय देताना हेतूचा अंदाज बांधू नये, असे आंतरराष्ट्रीय रग्बी मंडळाने 2009 मध्येच पंचांना कळवले होते.

हे सारे मला पाठ होते, तरीही पुढच्याच हंगामात एका क्लब सामन्यात, शिट्टी माझ्या हाती असताना, माझे धैर्य खचले. एका संघाच्या फ्लँकरने, म्हणजे आघाडीतल्या खेळाडूने, दुसऱ्या संघाच्या फ्लाय-हाफला, म्हणजे चाली रचणाऱ्या खेळाडूला, कमरेत धरून उचलले, त्याची कंबर खांद्यांच्या वर गेली आणि फ्लँकरने हात सोडले. मी जेमतेम पाच पावलांवर होतो. त्या मुलाच्या बुटांचे तळवे वर आकाशाकडे झालेले आणि एक हात खाली जमीन चाचपडत असलेला मला आजही दिसतो. तो मानेच्या अगदी जवळ, खांद्यावर पडला आणि तोंडातला माउथगार्ड उडून गवतात गेला. फ्लँकर धावत येऊन म्हणाला, "सर, मी तर सोडलं त्याला!" खिशात लाल कार्डावर गेलेला हात मी मागे घेतला आणि पिवळे कार्ड, म्हणजे दहा मिनिटे मैदानाबाहेर, दाखवले. मुलाच्या गळपट्टीचे हाड मोडले होते. दहा मिनिटांनी फ्लँकर मैदानात परतला, तेव्हा तो मुलगा सीमारेषेबाहेर हात गळ्यात बांधून बसला होता.

फ्लँकरच्या संघाचे प्रशिक्षक माझे थोरले बंधू होते. दादाचे म्हणणे आजही असे की, पिवळे कार्डसुद्धा जास्त झाले आणि रोलांड यांनी तर विश्वचषकाचा सामनाच बुडवला. मला हे मुळीच मान्य नाही. वेल्स 9-8 असे एका गुणाने हरले आणि त्याच सामन्यात त्यांनी पेनल्टीच्या किक दवडल्या, चेंडू गोलरेषेपार टेकवल्यावर जादा गुणांसाठी मारायची कन्व्हर्जनची किक खांबाला लागून परतली. त्यांतली एक जरी साधली असती तरी चौदा जणांनिशी वेल्स अंतिम फेरीत गेले असते. स्वतः वॉरबर्टननेही पुढे तो निर्णय योग्य असल्याचे मान्य केले. दुखापत झालेल्याची मान हेतू पाहून वाचत नाही, हे प्रशिक्षकांनी सरावातच शिकवायला हवे. टॅकल करताना उचलण्याची सवय तिथेच लागते.

एक गोष्ट मात्र नोंदवायला हवी. उचलणे म्हणजे प्रत्येक वेळी लाल कार्ड नव्हे. खेळाडूला धरून ठेवून पाठीवर उतरवले, तर पेनल्टी किंवा पिवळे कार्ड पुरते, आणि तसे मी पुढे अनेकदा दिलेही. डोक्याला लागलेल्या टॅकलसाठी आता वेगळी पद्धत आहे, तिथे धोका किती होता आणि तो कमी मानण्याजोगे काही कारण होते का, हे क्रमाने तपासतात. त्या दिवशी माझ्यासमोर यांतले काहीच नव्हते. मुलगा खांद्यावर पडला होता, आणि ते मी पाच पावलांवरून पाहिले होते.