दिवाळखोरीतल्या ट्रस्टीच्या डिस्चार्जला कोर्टात हरकत घेता येते का?

तुम्ही लिहिलंय की कॅनडातल्या ब्रॅम्प्टनच्या ज्या कंपनीकडे तुमची उधारी अडकली तिचं दिवाळं निघालं, ट्रस्टीनं (म्हणजे दिवाळखोराची मालमत्ता विकून पैसे घेणेकऱ्यांत वाटायला नेमलेल्या माणसानं) माल मातीमोलानं विकला आणि आता त्याच्या डिस्चार्जच्या अर्जाची नोटीस आलीय. हरकत घेता येते. मी घेतली होती. निम्मी टिकली, निम्मी तोंडावर आपटली.

आधी एक गोंधळ मिटवू, माझाही झाला होता. दिवाळखोराचा डिस्चार्ज म्हणजे कर्जातून सुटका. ट्रस्टीचा डिस्चार्ज म्हणजे त्या कामातून आणि त्या कामाच्या जबाबदारीतूनही सुटका. कॅनडाच्या दिवाळखोरी कायद्यात हे कलम 41 मध्ये आहे. एकदा तो मिळाला की कारभारात त्यानं जे केलं किंवा करायचं सोडलं, त्याचा जाब विचारणं फार अवघड होतं. डिस्चार्ज फसवणुकीनं किंवा महत्त्वाची गोष्ट दडवून मिळवला हे सिद्ध केलं, तरच कोर्ट तो रद्द करतं. म्हणून बोलायचं ते आत्ताच.

हरकत लेखी द्यायची, कारणांसह, सुनावणीच्या किमान 5 दिवस आधी कोर्टाच्या रजिस्ट्रारकडे, आणि एक प्रत ट्रस्टीला. आजच तारीख बघा.

आता माझं सांगतो. एका फरसाणवाल्या कंपनीला मी खोके पुरवायचो, 11,000 डॉलर बुडाले. ट्रस्टीनं पाठवलेलं जमाखर्चाचं पत्रक घेऊन रात्रभर बसलो आणि दोन मुद्दे काढले. एक, भट्ट्या कवडीमोलानं विकल्या. दोन, दुकानाच्या भाड्याचं डिपॉझिट जमेत कुठंच नाही.

पहिल्या मुद्द्यावर माझी बोलतीच बंद झाली. विक्रीला इन्स्पेक्टरांनी मंजुरी दिली होती. हे इन्स्पेक्टर सरकारी नसतात बरं का, घेणेकऱ्यांनीच पहिल्या सभेत निवडलेले असतात, जास्तीत जास्त 5. त्या सभेला मी गेलोच नव्हतो, 'कोण जातंय कामाचा दिवस मोडून' म्हणून. ट्रस्टीचा एखादा निर्णय खटकला तर कलम 37 खाली तेव्हाच कोर्टात जाता येतं, तेही केलं नव्हतं. भट्ट्या केव्हाच कुणाच्या तरी स्वयंपाकघरात लागलेल्या. कोर्टानं मुद्दा बाजूला ठेवला.

डिपॉझिटवर मात्र ट्रस्टीचा वकील कागद चाळत राहिला. मालमत्ता गोळा व्हायची बाकी आहे म्हणजे काम पुरं झालेलं नाही, आणि पुरं झालेलं नाही तर डिस्चार्ज कसला? कोर्टानं अर्ज पुढं ढकलला आणि ते वसूल करून हिशेब द्यायला सांगितलं. थकलेलं भाडं वळतं करून घरमालकाकडून जे आलं ते सगळ्या घेणेकऱ्यांत वाटलं. माझ्या वाट्याला 160 डॉलर. टोरोंटोतलं पार्किंग सुटलं म्हणायचं!

तेव्हा 'माझे पैसे बुडाले' हे हरकतीत लिहू नका. दिवाळं निघालंय, सगळ्यांचेच बुडालेत. काय गोळा व्हायचं राहिलं, कुठला आकडा जुळत नाही, कुठल्या खर्चाला पावती नाही, ते लिहा. ट्रस्टीची फीसुद्धा बघा. घेणेकऱ्यांनी ती ठरवली नसेल तर तारण असलेली कर्जं फेडून उरलेल्या रकमेच्या साडेसात टक्के तो लावू शकतो. त्याहून जास्त दिसली तर कोर्टाची मंजुरी आहे का ते विचारा.

तुमच्या मालाच्या बाबतीत विक्रीला मंजुरी कुणी दिली, हे ट्रस्टीकडून लेखी मागवा. मंजुरीच नसेल तर तुमची बाजू माझ्यापेक्षा पुष्कळ भक्कम आहे. नुकसानभरपाईचा वेगळा दावा करायचा असेल तर कलम 215 प्रमाणे आधी कोर्टाची परवानगी लागते. त्यासाठी फार मोठा पुरावा लागत नाही, दावा निव्वळ पोकळ नसावा एवढंच बघतात, असं कॅनडाच्या सुप्रीम कोर्टानं 2006 मध्ये टीसीटी लॉजिस्टिक्स प्रकरणात सांगितलंय. पण त्यासाठी वकील करा. मी एकट्यानं गेलो कारण माझा धंदा माझ्या नावावर होता. तुमची कंपनी असेल तर आपल्या ऑन्टॅरिओ प्रांतात कोर्टाच्या परवानगीशिवाय तुम्हाला तिच्या वतीनं उभंच राहता येणार नाही.