'व्ह' एक, नोकऱ्या दोन

प्रश्न असा: हिंदीत इंग्रजी 'व्ही'साठी नुसता 'व' लिहितात, मराठीत 'व्ह' (व्हॅन, टीव्ही). मग मराठी मुलांना व्ही आणि डब्ल्यू वेगळे काढता यायला हवेत. ते का जमत नाही?

कारण आपला 'व्ह' दोन ठिकाणी राबतो. स्पेलिंगमधला एच पाहून आपण व्हाइट, व्हील, व्हिस्कीही 'व्ह'नेच लिहितो. इंग्रजीत आज बहुतेकांच्या तोंडी तो एच उरलेलाच नाही; काही स्कॉटिश आणि आयरिश लोक मात्र अजून तो जपून आहेत. परिणाम असा की देवमासा तो 'व्हेल' आणि नववधूच्या चेहऱ्यावरची जाळी तीही 'व्हेल'! शिवाय 'व्हावे', 'जेव्हा' यांतल्या 'व्ह'त श्वासाचा झोत असतो; व्हीत झोत नसतो, घर्षण असतं.

अडतं ते जिभेआधी ऐकण्यात. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीझ या मानसशास्त्रज्ञांनी १९८४ साली दाखवलं, की इंग्रजी घरांतली ६ ते ८ महिन्यांची बाळं हिंदीतले 'ट' आणि 'त' वेगळे ओळखतात. १० ते १२ महिन्यांपर्यंत बहुतेकांचं ते कसब जातं. घरच्या भाषेला नको असलेला फरक मेंदू एकाच कप्प्यात टाकतो. तसाच आपल्याकडे व्ही-डब्ल्यूचा.

म्हणून "माझ्यामागून म्हणा"ने सुरुवात करू नये. आधी 'वेस्ट' (पश्चिम) आणि 'व्हेस्ट' (बंडी) अशा जोड्या ऐकवाव्यात, 'कुठला?' विचारावं आणि बरोबर-चूक तिथल्या तिथे सांगावं. आवाज चार-पाच वेगवेगळ्या माणसांचे हवेत, नाहीतर मुलं ध्वनीऐवजी बाईंचा आवाज ओळखायला शिकतात. रोज दहा मिनिटं पुरतात. शनिवारी सलग तासभर घोटून तेवढं टिकत नाही. या टप्प्यावर फळ्यावर देवनागरी लिहू नये, 'व्ह' दिसला की सगळं मुसळ केरात.

मग आरसा. व्हीला वरचे दात खालच्या ओठावर टेकतात, आवाज गुणगुणता ठेवून लांबवता येतो, ओठाला गुदगुल्या होतात. डब्ल्यूला दात दिसता कामा नयेत: ओठांचा चंबू करून 'उ' म्हणायचं आणि झटकन पुढच्या स्वरावर जायचं, उ-एस्ट.

आठवड्याभरात काही मुलं 'व्हेरी'लाही चंबू करू लागतील. ओरडू नये; नवा कप्पा तयार झालाय, फक्त शब्द चुकीच्या कप्प्यात पडतायत. अशा वेळी दोन्ही ध्वनी एकाच वाक्यात द्यावेत: 'व्हेरी वेट व्हॅन'.